सील शाबूत

माझे सील तपासणीपर्यंत शाबूत राहिले, तर आमच्या मुकादमांना, होणारेसाहेबांना, काय काय मिळणार होते, ते आधी सांगून टाकते. एक, पाठ असलेली खुर्ची. तोवर ते ज्या स्टुलावर बसत त्याला पाठ नव्हती आणि त्याचा एक पाय आखूड होता. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली असे. दुसरे, नावापुढे ‘कायम’ हा शब्द. आणि त्या शब्दाच्या मागोमाग येणारे एक कार्ड. ते दाखवले की बायकोला घेऊन मोठ्या दवाखान्याच्या पुढच्या दाराने आत जाता येते, आणि बाहेर पडताना तिच्या हातात दम्याचा भरलेला पंप असतो. खुर्चीवर त्यांनी पाणी सोडले असते. कार्डावर सोडणे त्यांच्याने होणार नव्हते. बरे, हे सगळे मिळवायला करायचे काय होते? काहीच नाही. मला कोणी उघडू द्यायचे नाही, बस्स. इतके सोपे काम त्यांच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदाच आले होते.

मित्रांनो, मी एक जुनी प्रथमोपचाराची पेटी आहे. अंगाने पत्र्याची, रंगाने एके काळी पांढरी. माझ्या झाकणावर लाल फुली आहे. रंगाऱ्याला त्या दिवशी शिंका येत होत्या म्हणे, म्हणून ती जराशी तिरकी पडली. माझ्याबरोबर त्याच पत्र्यातून बाकीचे जे डबे निघाले, त्यांच्यात बिस्किटे भरली गेली. मला वाटले, आपल्यातही काहीतरी गोड पडेल. पडले टिंक्चर. पहिले काही दिवस माझे मलाच झोंबत होते.

माझी नेमणूक झाली खोक्यांच्या कारखान्यात. आत लाटा असलेल्या जाड पुठ्ठ्याची खोकी तिथे बनतात. तुमच्या घरी पंखा येतो, बूट येतात, ते ज्यातून येतात ती. पुठ्ठा दिसायला गरीब, पण त्याची कड पात्यासारखी असते. दिवसभर हाताळणाऱ्याची बोटे ती कधी कापते ते त्याचे त्यालाही कळत नाही. म्हणून मला मधल्या खांबावर टांगले होते, खळीच्या टाकीपासून आणि घडीच्या टेबलापासून सारख्याच अंतरावर, आणि खांद्याच्या उंचीवर. रक्त येत असलेल्या माणसाला हात वर ताणावा लागू नये, हा विचार माझ्या पहिल्या सांभाळकर्त्याचा, जुन्या फिटरकाकांचा.

फिटरकाका दर शनिवारी मला खाली घेत. प्रत्येक बाटली उघडून हुंगत, मेलेले औषध फेकून देत, कापूस नवा भरत. बिजागरीला मात्र त्यांनी कधी तेल दिले नाही. ती किरकिरली की कारखानाभर कळे, कोणाला तरी लागले आहे, आणि कोणीतरी पाण्याचा पेला घेऊन धावे. काका म्हणत, “पेटी रिकामी होतेय ना? मग ती कामावर आहे.”

तेव्हाची माणसे कायम होती. हात कापला तर बसत, पट्टी बांधून घेत, जखम मोठी असेल तर कारखान्याच्या डॉक्टरांकडे जात आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जागेवर परत येत. जागा त्यांची वाट पाहत असे. आता सगळेच धुतल्या तांदळासारखे होते असे मी म्हणणार नाही. सोमवारी पोटदुखी जरा जास्त निघे, आणि एक ऑपरेटर तर माझ्या शेजारी डोके धरून उभा राहिला की डोळ्यांनी मात्र घडीच्या टेबलाकडची मंडळी न्याहाळत असे. पण त्याच्या खोट्या डोकेदुखीलाही मी खरी गोळी दिली. माझे काय जात होते?

मग मोठे मालक थकले. मुलांनी कारभार हाती घेतला आणि माणसे सांभाळण्याचे काम एका कंत्राटदाराला देऊन टाकले. कंत्राटदार बोलायला लोण्यासारखे मऊ. अत्तर लावत, आणि कामगारांचा विषय निघाला की ‘आपली माणसं’ म्हणत. त्यांच्या काळात कायम माणसे एकेक करून कमी झाली. फिटरकाका गेले त्या दिवशी त्यांनी मला शेवटचे पुसले आणि बिजागरी एकदा उगाचच उघडून मिटली. तो आवाज ऐकून कोणी धावले नाही. नवीन लोकांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

आता रोज सकाळी फाटकापाशी रांग लागू लागली. मुकादम समोर उभे राहून बोट दाखवत. “तू. तू. तू नाही. तुम्ही, मावशी. तू.” ज्याच्यावर बोट थांबले तो आत. ज्याच्यावरून सरकले तो आल्या पावली घरी. कोणालाही कधी ‘तुला काढलं’ असे सांगितले जात नसे. आपली माणसे ना ती! फक्त बोट सरके. काल सरकले, आज सरकले, उद्याही सरकले, की माणूस आपोआप समजून जाई आणि रांगेत यायचे सोडून देई.

हे मुकादम म्हणजेच होणारेसाहेब. आडनाव नव्हे हो ते. आले तेव्हा साधे घडीकामगार होते; पण सदरा रोज इस्त्रीचा, आणि बोलणे ‘मी एकदा वर गेलो की’ असे. बाकीच्यांनी ‘साहेब होणार, साहेब होणार’ करून त्यांचे होणारेसाहेब केले. पुढे ते खरेच मुकादम झाले, तरी नाव बदलले नाही. कारण मुकादमही कंत्राटीच होते. रांगेत ते उभे राहत नसत इतकेच. त्यांच्यावर फिरणारे बोट कंत्राटदाराचे होते.

माझीही बदली झाली. खांबावरून उतरवून मला मुकादमाच्या केबिनमध्ये टांगले. बाहेरून नवा रंग, फुलीवर पुन्हा लाल हात, आणि झाकणावर आडवी कागदाची पट्टी, तिच्यावर शिक्का. हे माझे सील. कंत्राटदार सगळ्यांना गोळा करून म्हणाले, “पेटी सगळ्यांसाठीच आहे बरं का. लागलं तर हक्कानं उघडा. फक्त कोणाला लागलं तेवढं कळवायचं. आपण त्याला आराम देऊ.”

खळीच्या टाकीवर एक मुलगी काम करायची. उकळती खळ उडून तिचे मनगट भाजले. तिने भाबडेपणाने मला उघडले, मलम लावले, पांढरी पट्टी बांधली, हक्काने. तिला आराम मिळाला. दुसऱ्या दिवशी बोट तिच्यावरून सरकले, तिसऱ्या दिवशीही. मी पुष्कळ दिवस तिची वाट पाहिली. इकडे कारकुनाने माझ्यावर नवी पट्टी चिकटवली. आत काय उरले आहे, काय नाही, हे झाकण उचलून पाहायचे कष्टही त्याने घेतले नाहीत.

तेव्हापासून त्या कारखान्यात ‘आराम’ हा शब्द शिवीसारखा झाला. कोणी जास्त बोलू लागला की शेजारचा म्हणे, “गप रे, आराम मिळेल.” आणि माझी बिजागरी गप्प झाली ती झालीच.

मग त्यांना लागत नव्हते का? लागत होते. रोज लागत होते. पण त्यांनी आपली एक युक्ती काढली होती. घडी घालणारे सगळेच बोटांना खाकी टेप गुंडाळतात, खोकी बंद करायची असते ना, तीच. कड बोचत नाही आणि पुठ्ठ्यावर पकड चांगली येते. पांढरी पट्टी फाटकातून लांबूनही दिसते. खाकी टेप म्हणजे कामाला तयार असलेला हात. तेव्हा जखम झाली की तिच्यावर चिंधी, चिंधीवर टेप, घट्ट. आत ओल राहते, वारा लागत नाही, घाम मुरतो. पण बाहेरून सगळे हात सारखे! पिना मारायच्या मशीनवर एक काडीसारखा माणूस होता, त्याला सगळे पैलवान म्हणत. तो नवीन आलेल्यांना टेप कशी गुंडाळायची ते झकास शिकवी. “अशी ओढ, की मुकादमालाच काय, तुलासुद्धा आठवू नये कुठं कापलंय.”

आणि घडीच्या टेबलाशी होती घडीमावशी. केस पांढरे, कंबर वाकलेली, पण हात बघावेत तर तिचेच. पुठ्ठा तिच्याकडे आडवा जाई आणि खोके होऊन उभाच्या उभा बाहेर पडे. होणारेसाहेब नवखे होते तेव्हा घडी त्यांना तिनेच शिकवली होती, चुकले की बोटांवर पट्टी मारून. म्हणून ते आजही तिला अहो-जाहो करीत आणि ती त्यांना सगळ्यांदेखत अरे-तुरे.

ज्या आठवड्याच्या शेवटी तपासणी होती, त्याच्या सुरुवातीची ही गोष्ट. आमची सगळ्यांत जास्त खोकी घेणारी जी कंपनी, तिचे तपासनीस येणार होते. त्यांना सुरक्षित कारखाना हवा होता. कंत्राटदारांनी होणारेसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले होते, “एवढी तपासणी निभव. पेटीचं सील शाबूत दिसलं की झालं. मग तुझं कायमचं बघतोच मी.”

आणि त्याच दिवशी खोक्याची एक तारेची पिन उलटी निघाली आणि घडीमावशीच्या उजव्या तळहातात, मधल्या बोटाच्या मुळाशी घुसली. तिने ती दातांनी ओढून काढली. रक्त फारसे आलेच नाही.

“खोकं समजली वाटतं मला,” ती म्हणाली.

“मावशी, धुवा तरी,” पैलवान मशीनवरून ओरडला.

“धुते की. घरी गेले की भांड्यांबरोबर धुते.” आणि तिने टेप ओढली.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत ती केबिनमध्ये आली. होणारेसाहेब डबा उघडून बसले होते. तिने हात पदराखाली धरला होता आणि नजर माझ्यावर होती.

“काय मावशी?”

“काही नाही रे. ह्या पेटीत लाल औषध असतं बघ, ते बोटभर दे.”

“कुठं लागलंय?”

“लागलंय कुठं? टोचलंय.”

साहेबांनी डब्याचे झाकण लावले आणि उठून केबिनचे दारही लावले. परत येताना ते माझ्या आणि तिच्या मध्ये उभे राहिले. “मावशी, शुक्रवारी तपासणी आहे. सील फोडलं तर कोणाचं नाव सांगू? तुमचं सांगितलं तर तुम्हाला आराम. नाही सांगितलं तर मला.”

“म्हणजे दोघांचीही मजाच की.”

ते हसले नाहीत. “सरकारी दवाखान्यात का नाही जात?”

“जाते ना! दवाखाना उघडतो तेव्हा मी तुझ्या रांगेत, आणि मी सुटते तेव्हा त्याला कुलूप. आमची दोघांची गाठच पडत नाही.”

“मग एक दिवस...”

“एक दिवस?” मावशीने त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांचे वाक्य अर्धेच राहिले. फाटकाबाहेर रोज किती तरणे हात उभे असतात हे दोघांनाही पाठ होते. मग तिचाच आवाज जरा उतरला. “सकाळी नातीची वेणी घालताना बोटं वळेनात रे. म्हणाली, आजी, आज तिरकी झाली. म्हटलं, तेवढं औषध लावावं.”

साहेबांनी डबा टेबलाच्या कडेला सारला. मग मावशीने भलतेच विचारले. “सूनबाईचं कसं आहे?”

“पंप संपत आलाय. हलवून हलवून ओढते. रिकामा झाला तरी तोंडाला लावते एकदा. म्हणते, धीर येतो.”

मावशीने माझ्या फुलीकडे पाहिले. मला त्या क्षणी जीभ असती तर! आतले सगळे कधीचे म्हातारे झाले आहे हे मला कळत होते, आणि ती दोघे माझ्यापुढे एकमेकांचा जीव तोलत होती.

“राहू दे,” ती म्हणाली. “शुक्रवार काय, आलाच.”

एक गोष्ट साहेबांच्या जमेच्या बाजूला मांडायलाच हवी. त्यांनी आपल्या कंबरदुखीच्या गोळ्या ड्रॉवरमधून काढून तिला दिल्या, आणि त्याच संध्याकाळी स्वतःच्या खर्चाने मलमाची एक ट्यूब आणून दिली, कागदात गुंडाळून, जणू चोरीचा माल. माणूस वाईट नव्हता. पण गोळ्यांनी ठणका थांबला आणि जखम थांबली नाही. मलम लावून मावशीने वर पुन्हा टेप ओढली, नेहमीपेक्षा घट्ट, कारण आता सूज दाबायची होती.

गुरुवारी सकाळी रांगेत ती हात पाठीमागे घेऊन उभी होती. केबिनच्या खिडकीतून मला सगळे दिसे. बोट तिच्यापाशी आले आणि थबकले. तिच्या कपाळावर घाम होता, ओठ सुकले होते. ते बोट त्या दिवशी पुढे सरकले असते, तर कदाचित तिचा हात धड राहिला असता. पण तिने त्यांना जन्मात माफ केले नसते.

“मावशी,” साहेब म्हणाले. ती आत आली, आणि कृतज्ञतेने हसली.

दिवसभर तिने एक हात आणि एक कोपर यांच्यावर घडी घातली. तिच्या वाट्याचे पुठ्ठे कोणीतरी गुपचूप आपल्या ढिगात ओढत होते. मावशी पाण्याला उठली की तिचे टेबल हलके झालेले असे. पैलवानाने एकदा तिच्या मनगटाकडे पाहिले. टेप संपते तिथून एक लाल रेघ कोपराकडे निघाली होती.

“मावशी, हे बरं नाही दिसत.”

“मग बघू नकोस,” ती म्हणाली. “तुझा खोकला तरी कुठं बरा वाटतो? आम्ही ऐकतोच ना?”

पैलवान हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. त्यालाही दवाखान्याची आणि आपली गाठ पाडता आली नव्हती, किती तरी दिवस.

शुक्रवारी कारखाना असा घासला होता की मला वाटले आपण चुकून दुसरीकडे आलो. सगळ्यांना कोरे हातमोजे वाटले, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट. संध्याकाळी परत द्यायचे होते. मावशीच्या उजव्या हातावर मोजा चढेना. तेव्हा तिला खोक्यांच्या उंच थप्पीमागे नेऊन बसवले. “आवाज करू नका, थोडा वेळच आहे,” साहेब म्हणाले. कामाच्या वेळात मावशी बसली, असे त्या दिवशी पहिल्यांदाच घडले.

तपासनीस आले. चुणचुणीत, हसरे गृहस्थ. त्यांनी मोजे पाहिले, दिवे पाहिले, आग विझवायची नळकांडी पाहिली. शेवटी केबिनमध्ये येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि पट्टीवरून बोट फिरवले.

“अरे वा! सील शाबूत?”

“गरजच पडत नाही,” कंत्राटदार म्हणाले. “आपली माणसं काळजीनं काम करतात.”

“ह्याला म्हणतात शिस्त.”

माझा फोटो निघाला, मित्रांनो. इतकी वर्षे मी कापूस दिला, पट्ट्या दिल्या, खोट्या डोकेदुखीलाही गोळ्या दिल्या, तेव्हा कोणी माझा फोटो काढला नाही. काही न देता गप्प लटकले, तेव्हा आदर्श ठरले. आत काय आहे ते बघावे, असे त्यांच्या मनात आले नसेल असे नाही. त्यांचे बोट झाकणाच्या कडेशी एकदा गेले होते. पण उघडायचे तर सील फोडावे लागले असते, आणि मग फोटो कशाचा काढायचा? त्यांनी चहा घेतला. होणारेसाहेबांशी हात मिळवला. सगळे त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले.

गाडी फाटकाबाहेर वळली आणि साहेब केबिनमध्ये परतले, तोच पैलवान दारात येऊन उभा राहिला.

“साहेब, मावशी पडल्या.”

धावले. खोटे कशाला बोलू, साहेब जीव खाऊन धावले. मला खिळ्यासकट उपटले, छातीशी धरले आणि थप्पीमागे पोचेपर्यंत नखांनी सील फाडले. माझी बिजागरी किरकिरली. किती दिवसांनी! यंत्रे थांबली, सगळे भोवती गोळा झाले. मावशी पुठ्ठ्यांवर आडवी होती, डोळे अर्धवट उघडे, आणि थंडी वाजत असल्यासारखी थरथरत होती.

साहेबांनी माझे झाकण मागे टाकले. टिंक्चरच्या बाटलीच्या तळाशी तांबडी भुकटी होती. कापूस पिवळा पडून त्याला वास येत होता. पट्ट्यांचा चिकटपणा कागदालाच लागून संपला होता. कात्री गंजून मिटलेली, ती उघडेना. गोळ्यांच्या पाकिटात पीठ. साहेब एकेक वस्तू काढून जमिनीवर ठेवत गेले, जसा माणूस खिसे चाचपतो तसे, आणि शेवटी माझा तळ लागला.

पैलवानाने फक्त विचारले, “एवढ्यासाठी?”

खोकी न्यायचा टेम्पो उभा होता. मावशीला त्यात घातले. साहेब शेजारी बसले, आणि मीही त्यांच्या मांडीवर. कारण मला खाली ठेवायचे त्यांना सुचलेच नाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी टेप कापायला घेतली. एक थर, मग दुसरा, मग चिंधी. आतून जे निघाले ते मी तुम्हाला सांगणार नाही. डॉक्टरीणबाईंनी तोंड फिरवले नाही, पण क्षणभर त्यांचे हात थांबले.

“हे कधीचं आहे? कुठं लागलं?”

साहेबांचे ओठ हलले. मावशीने तापलेले डोळे त्यांच्याकडे वळवले आणि त्यांच्याआधी तीच बोलली. “घरी. भाजी चिरताना.”

“आजी, हे टोचल्याचं भोक आहे. भाजीला पिना असतात का तुमच्याकडं?”

“असतात. गरिबाची भाजी.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “कामावर लागलं असेल तर तसं सांगा. पुढचा सगळा खर्च कारखान्यानं करायचा असतो. भरपाईही मिळते. मी लिहून देते.”

“घरीच लागलं,” मावशी म्हणाली. ती सोमवारच्या रांगेचा विचार करीत होती. हाताचे काय होणार हे तिला अजून कळले नव्हते. पण रांगेचे काय होते ते चांगले माहीत होते.

मग डॉक्टरीणबाईंची नजर साहेबांच्या मांडीवर गेली, माझ्या तिरक्या फुलीवर. “आणि ही पेटी कुठली?” साहेबांनी माझ्यावर दोन्ही हात पालथे घातले, जणू मला थंडी वाजत होती.

“तुम्ही ह्यांचे कोण?”

“भाचा,” साहेब म्हणाले.

हे खोटे होते का? इतकी वर्षे मावशी म्हणत होते तिला. पण ‘मुकादम’ म्हणाले असते, तर कागदावर कारखान्याचे नाव आले असते. नाते त्या दिवशी फार सोयीच्या वेळी कामी आले. मावशीने डोळे मिटले. तिची दोन बोटे गेली, मधले आणि त्याच्या शेजारचे. अजून एक दिवस गेला असता, तर मनगटापासून हात गेला असता, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे ऐकून मावशीने विचारले, “आता घडी येईल का?”

मला साहेबांनी कारखान्यात परत नेले आणि भंगाराच्या ढिगावर ठेवले. केबिनमध्ये नवी पेटी आली, प्लॅस्टिकची, सील लावलेली. भंगारातून मला पैलवानाने उचलले आणि फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर आणले. टपरीवाल्या काकूंनी मला खिळ्याला टांगले, खांद्याच्या उंचीवर. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते, सहजच. आता मला कुलूप नाही, सील नाही. कोणी कापसाची गुंडाळी आणून टाकतो, कोणी औषधाची बाटली, कोणी स्वच्छ धुतलेल्या कापडाच्या पट्ट्या. रांगेत उभे राहण्याआधी माणसे येतात, टेप सोडवतात, जखम धुतात, मला किरकिरवतात, आणि वर पुन्हा खाकी टेप ओढून रांगेत जातात. मी फार काही करू शकते असा माझा गैरसमज नाही. पैलवानाच्या खोकल्याला माझ्यात औषध नाही. त्याला एक दिवसाची सुट्टी हवी आहे, आणि सुट्टी संपल्यावर त्याची जागा जागेवर हवी आहे. हे कोणत्याच पेटीत मावत नाही.

जखम भरून आल्यावर मावशी एके सकाळी रांगेत येऊन उभी राहिली. तीन बोटांना तिने नीट टेप गुंडाळली होती. मी टपरीवरून पाहत होते. बोट येत गेले. “तू. तू. तू.” मावशीपाशी आले. होणारेसाहेबांनी तिच्या हाताकडे पाहिले नाही, तोंडाकडेही पाहिले नाही. ते तिच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी पाहत होते. बोट सरकले.

ती रांगेतून बाजूला झाली. चालत टपरीवर आली, काकूंच्या बाकावर टेकली आणि म्हणाली, “मिळाला एकदाचा आराम.” आता ती रोज सकाळी तिथेच असते. पेले विसळते, आणि कोणी मला उघडले की त्याच्या बोटांवरची टेप डाव्या हाताने सोडवते. “अशी गुंडाळतात का? आत वारा जाऊ दे, मेल्या.” पैलवानाने शिकवलेले ती रोज एकेकाला विसरायला लावते.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, तुमच्या आई-वडिलांच्या कामाच्या जागी माझी एखादी बहीण भिंतीवर असेल. तिच्यावरची फुली बघून समाधान मानू नका. तिला उघडून बघा. ती उघडणाऱ्याला घरी पाठवतात की दवाखान्यात, तेही विचारा. तिचा कापूस संपत असेल तर तक्रार करू नका, नवा भरा. आणि एखाद्या माणसाची सगळी बोटे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत टेपने झाकलेली दिसली, तर त्याला सहज म्हणा, दाखवा बघू. तो आधी नाहीच म्हणेल. तुम्ही पुन्हा म्हणा.

राहिला हिशेब. मालकांनी काही भरले नाही. त्यांच्या कानावरही काही गेले नाही. कंत्राटदारांनी एक प्लॅस्टिकची पेटी भरली. तपासनीस माझा फोटो घेऊन गेले. होणारेसाहेबांना खुर्ची मिळाली, पाठ असलेली. पण कार्डाचे विचारले तेव्हा कंत्राटदार म्हणाले की सध्या तू तात्पुरता कायम आहेस, पुढचे पुढच्या वर्षी बघू. त्यांची बायको अजून पंप हलवून हलवून ओढते, आणि ते टपरीवर चहाला येत नाहीत. कारखान्याच्या बाजूने फाटली ती कागदाची एक पट्टी. मावशीने दोन बोटे भरली. आणि जिने तो कारखाना आतून कधी पाहिलाच नाही, ती मावशीची नात रोज सकाळी आरशापुढे उभी राहून आपली वेणी आपणच घालते. ती अजून तिरकीच होते.